हौदातली नळी

आक्काच्या सासूबाईंचा फोन आला तेव्हा माय भाकरी थापत होती. हाताला पीठ होतं म्हणून तिनं मला फोन तिच्या कानाला धरायला लावला. मी तव्याशेजारीच वाकून उभी होते, त्यामुळं पलीकडचं बोलणंही मला ऐकू येत होतं.

"पोरीला पुढच्या महिन्यात सातवा लागतोय," सासूबाई म्हणाल्या. "माहेरी जायचं म्हणती. म्या काय न्हाई म्हणत न्हाई. पण पाण्याचं काय केलं तुमी?"

"करतो की," माय म्हणाली.

"करतो म्हंजी काय ते सांगा. मागल्या खेपंला बी..." त्या मध्येच थांबल्या. "मला टोचून बोलायचं न्हाई, विहीणबाई. पण आधी पाण्याचं बघा, मग धाडते."

माय बरं म्हणाली. मी फोन बंद केला. तव्यावरची भाकरी करपली नाही. मायनं ती वेळेवर उलटली, मग आरावर उभी केली. भाकरी नेहमीसारखी फुगली.

मागच्या खेपेचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. आक्का माझी मोठी बहीण. परळीच्या पुढं, धर्मापुरीच्या वाटेवर एका गावात दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तशी ती मागच्या वर्षी आमच्याकडं आली होती. आल्यावर थोड्याच दिवसांत तिचे डोळे पिवळे झाले. त्याच सुमाराला समोरच्या काकूच्या थोरल्या लेकालाही कावीळ झाली. तो बरा झाला. पण पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट असते, हे आम्हाला अंबाजोगाईच्या दवाखान्यात कळलं. बाळ गेलं. मुलगी होती. आक्का वाचली.

तेव्हा मला रडू आलं नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होते. पाणी कुठं भरलं, कधीपर्यंत प्यायचं, बाटली वापरून झाल्यावर चुरगाळून टाका. ते सगळं मला अजून पाठ आहे. बाकीचं नीट आठवत नाही. त्या दिवसांबद्दल मला काहीतरी वाटायला पाहिजे होतं असं मला नंतर पुष्कळदा वाटलं, पण तेवढंच वाटलं.

पाण्यानं झालं, असं सगळेच म्हणाले. आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या, हौदात पांढरी पावडर टाकून गेल्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौद घासून चुना लावला. पाण्यानं झालं म्हणजे नेमकं कसं झालं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आमच्या घरात त्या बाळाबद्दल बोलत नाहीत, तसंच पाण्याबद्दलही बोलणं बंद झालं होतं. सासूबाईंच्या फोननं ते परत निघालं.

भाकरी झाल्यावर माय मला म्हणाली, "तू कॉलेजात जातीस ना. तूच बघ काय करायचं ते."

मी केजला बी. ए. करते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळं घरात बँकेचा कागद आला, औषधाची बाटली आली, टीव्ही बंद पडला, की तो माझ्या हातात येतो. मला त्यातलं काही येत असतंच असं नाही. पण येत नाही म्हणायची मला भीती वाटते. मग कॉलेजात जाऊन उपयोग काय, असं कुणी म्हणेल म्हणून.

आता आमच्या पाण्याची रीत सांगते. गावाचा मोठा पाइप रस्त्यानं जातो. त्याला आमच्या बोळात एक फाटा फुटतो. त्या फाट्यावर दोनच घरं, समोर काकूचं आणि शेवटी आमचं. काकू म्हणजे अण्णांच्या चुलतभावाची बायको. मायची चुलत जाऊ, वयानं मोठी. नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येतं, तेही बारीक. म्हणून नळ अंगणात खड्डा करून खाली घेतलेला असतो आणि त्याला मोटर लावलेली असते. मोटरीला एक हिरवी नळी, आणि नळीचं दुसरं टोक हौदात.

ते टोक हौदात पार बुडापर्यंत सोडायचं, ही आमच्याकडची पद्धत. वर धरलं तर पाणी वरून पडतं आणि आवाज होतो. आवाज झाला की समोरच्याला कळतं, यांच्याकडं अजून पाणी चालू आहे. आणि आवाज बदलला की हौद भरला, हेही कळतं. मग हाक येते, "भरला की तुमचा, बंद करा आता मोटर!" नळी बुडलेली असली की काही कळत नाही. हौद भरल्यावर माय घागरी भरते, मग पातेली, बादल्या, म्हशींचा हाळ. काकूकडंही तेच. पाणी बारीक झालं तरी दोघींच्या मोटरी चालू असतात, उरलंसुरलं ओढायला. आधी बंद कोण करणार, हा प्रश्न मी लहान असल्यापासून आहे.

त्यावरून बोलाचाली व्हायची. काकू ओट्यावरून म्हणायची, "तुमची मोटर आमच्या तोंडातलं पाणी ओढती गं!" माय म्हणायची, "तुमची तर पोटातलं ओढती, बाई." मग दोघी संध्याकाळी एकमेकींकडं विरजण मागायला जायच्या. ते बोलणं कुणी खरं धरत नव्हतं.

फोननंतरच्या पहिल्या पाण्याच्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. काय बघायचं ते माहीत नव्हतं, म्हणून नुसती हौदाजवळ बसून राहिले. आमचा हौद उघडा आहे, गोठ्याला लागून. म्हशी येता-जाता त्यात तोंड घालतात, माय हाकलते, त्या परत येतात. दुपारी नळाचं पाणी बारीक झालं. अण्णांना रानात जायचं होतं, त्यांनी आमची मोटर बंद केली. तोटी मात्र उघडीच ठेवली. आमच्याकडं तोटी कुणी बंद करत नाही, कारण पाणी परत आलं आणि तोटी बंद असली तर ते हुकतं. काकूची मोटर चालूच होती.

मी हौदाच्या पाण्याकडं बघत होते. पाण्यावर कडब्याचं एक पान तरंगत होतं. हौदाच्या भिंतीला एक ओली रेघ दिसायला लागली. आधी बोटभर, मग जास्त. पाणी खाली जात होतं. हौदाला चीर गेली असं मला वाटलं. मी बाही वर करून हात आत घातला आणि नळीचं टोक धरून त्यावर तळहात ठेवला.

नळीनं माझा तळहात ओढून धरला.

जोरात नाही. वासरू बोट तोंडात धरतं तसा. मी हात सोडवून घेतला, परत ठेवला. परत ओढला. समोर काकूची मोटर घूं घूं करत होती. ती बंद झाली तसा नळीचा ओढा थांबला आणि हौदातली रेघ होती तिथंच राहिली.

मी अंगणातून बघितलं, काकू चौकटीत उभी राहून पदरानं तोंड पुसत होती. मला म्हणाली, "काय बघतीस गं? आज लई पाणी आलं."

आमच्या हौदातलं, म्हशींनी तोंड घातलेलं पाणी आता काकूच्या टाकीत होतं. आणि दुसऱ्या एखाद्या पाण्याच्या दिवशी आमची मोटर शेवटपर्यंत चालली की काकूच्या टाकीतलं आमच्याकडं येत असणार. काकूची टाकी जमिनीत आहे, मोरीच्या शेजारी. मोरी दर पावसाळ्यात तुंबते.

रात्रीच्या जेवणात मी घरी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. अण्णा म्हणाले, "पाणी उलटं कसं जाईल? नळ हाय तो, हापसा न्हाई." मी ताटात आमटीची धार करून दाखवली, त्यानं जास्तच गोंधळ झाला. माय ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "त्याला काय भेटतं का दुकानात? उलटं जाऊ न देणारं?"

मोबाईलवर मी शोधलं. बरंचसं इंग्रजीत होतं, त्यामुळं मला वेळ लागला. पाणी एकाच बाजूनं जाऊ देणारा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह असतो, त्याला एनआरव्ही म्हणतात. त्यातही पुष्कळ प्रकार. एकात स्प्रिंग असते, पाण्याच्या जोरानं ती दबते आणि वाट उघडते. एकात पितळी झडप असते, दारासारखी, पाणी आलं की उचलते, थांबलं की आपल्या वजनानं पडते. प्लॅस्टिकचे असतात, पितळेचे असतात. परदेशात तर दोन-दोन झडपांचे, तपासायला वेगळ्या तोट्या असलेले. ते बघून मी मोबाईल बंद केला. आमच्या नळाला ते लावणं म्हणजे काय, हे मला डोळ्यांपुढं आणता येईना.

केजला स्टँडच्या रस्त्यावर नळाच्या सामानाचं एक दुकान आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते, आत कधी गेले नव्हते. आत माणसं होती. एक जण मोटरीचा पंखा घेऊन भांडत होता. मी बाजूला उभी राहिले. दुकानदारानं मला बघून विचारलं, "काय पायजे, ताई? पत्ता शोधताय काय?"

"एनआरव्ही," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला म्हणून परत म्हणाले, "उलटं पाणी जाऊ नये म्हणून असतो तो. अर्धा इंची."

"बोअरला?"

"नळाला."

"नळाला कावून लागतोय? नळाला कुणी लावत न्हाई." पण त्यानं काउंटरवर ठेवले. एक पांढरा प्लॅस्टिकचा, एक पितळेचा जाड, एक पितळेचा चपटा. जाडा हातात घेऊन म्हणाला, "हा न्या. वजन बघा कसं हाय. जड तितका चांगला. पोराबाळांच्या काळापर्यंत हालत न्हाई."

पोराबाळांचं तो सहज बोलला. मी तो वॉल हातात घेतला. खरंच जड होता.

"हा उघडायला जोर किती लागतो?" मी विचारलं.

"जोर लागतोच की. आत स्प्रिंग हाय."

"आमच्याकडं पाणी लई बारीक येतं."

बाकीचे दोन माझ्यापुढं सरकवून तो म्हणाला, "फुंकून बघा."

"काय?"

"फुंका त्यात. ज्याच्यातून फुंकर जाती तो उघडतो. सगळे तसंच बघत्यात."

भांडणारा माणूस भांडण थांबवून माझ्याकडं बघत होता. दुकानात येऊन नळाच्या सामानाला तोंड लावणारी मुलगी त्यानं बघितली नसेल. मीही बघितली नव्हती. मी ओढणीनं वॉलचं तोंड पुसलं आणि फुंकलं. जाड्यातून काही गेलं नाही. माझे गाल फुगले, कानाला दडे बसले. पंखावाला म्हणाला, "ताई, फुगा न्हाई तो." दुकानदार हसला. मीही थोडी हसले असेन. प्लॅस्टिकच्यातून फुंकर गेली, पण उलट्या बाजूनं फुंकलं तर तिकडूनही थोडी गेली. चपट्यातली झडप मात्र हलक्या फुंकरीनंच उचलली. आत टिक् असं वाजलं. उलट्या बाजूनं कितीही जोर केला तरी काही गेलं नाही.

"हा," मी म्हणाले.

"हा आडवाच बसवावा लागतो बरं का. उभा बसवला तर झडप पडायची न्हाई. आणि रेती अडकली की खोलून धुवायचा."

"चालतंय."

"आणि हा बाण बघून बसवायचा." त्यानं वॉलच्या अंगावरचा उठावाचा बाण नखानं दाखवला. "बाण घराकडं. म्हंजी घरातलं पाणी बाहेर जात न्हाई."

मी तो कागदात गुंडाळून घेतला. आमच्या गावाच्या जीपमध्ये बसल्यावर परत कागद सोडला आणि बाणाकडं बघत राहिले. बाण घराकडं. घरातलं पाणी बाहेर जात नाही. हे त्यानं सांगितलं तेव्हा मी मान हलवली होती. मोबाईलवरही हेच लिहिलं होतं आणि मी तेही वाचलं होतं. पण आता जीप भरायची वाट बघताना मला ते कळलं. आमच्या नळाला हा बसवला तर आमचं पाणी काकूकडं जाणार नव्हतं. काकूचं पाणी आमच्याकडं यायचं ते येतच राहणार होतं. बाणाच्या दिशेनंच येणार होतं. मी आक्कासाठी वॉल आणला होता आणि तो आक्काच्या कामाचा नव्हता. तो काकूच्या कामाचा होता.

शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय हाय गं ते, नळाचं?" मी हो म्हणाले.

घरी आल्यावर मी मायला हे सांगितलं. या वेळी वॉल हातात होता म्हणून सांगणं सोपं गेलं. तिनं तो डोळ्याजवळ नेला, आतली झडप करंगळीनं उचलली, सोडली. टिक्.

"म्हंजी हा लावला तर काकूला चांगलं."

"हो."

"आन् काकूकडं लावला तर आपल्याला."

"हो."

"आन् आपल्याकडनं काकूला जातंय ते?"

"त्याला वॉल लागत नाही. नळी पाण्याच्या वर ठेवायची, बस. पाण्याला टेकलीच नाही तर ओढणार काय? हवा ओढंल."

माय हौदाकडं गेली. नळी ओढून बाहेर काढली, तिच्या बुडाला शेवाळ होतं. घरातून जुन्या लुगड्याची पट्टी आणली आणि हौदाच्या काठावरल्या खुंटीला नळी बांधली, टोक पाण्याच्या चांगलं वर. अण्णा बघत होते. म्हणाले, "आवाज होईल की."

"होऊ दे," माय म्हणाली.

मग ती काकूच्या दाराकडं बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. मागच्या वर्षी आधी कोण आजारी पडलं, आक्का की काकूचा लेक, ते मला आठवून काढता आलं असतं. दोघांच्या तपासणीचे कागद ज्याच्या त्याच्या घरी होते. मी ते काढले नाहीत. मायनंही काढ म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आणि मी काकूकडं गेलो. माय वॉल पदराखाली धरून चालली होती. काकू ओट्यावर तूर पाखडत होती.

"या," ती म्हणाली. "दोघी दोघी? काय भांडायला आलात काय?"

माय तिच्याशेजारी बसली. सुपातले खडे वेचायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, थोरलीला सातवा लागतोय."

"कळलं मला. धाडत्यात काय?"

"पाण्याचं बघा म्हणल्यात."

काकूचे हात थांबले. "बरं मग?"

मायनं वॉल काढून सुपाशेजारी ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. मोटर, नळी, ओढा, तळहात. तुमची टाकी जमिनीत, नळी सिमेंटात पक्की बसवलेली, ती वर उचलता येत नाही, म्हणून वॉल तुमच्या नळाला. मी घाबरत बोलत होते, त्यामुळं शब्द भराभर पडत गेले.

काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग सूप खाली ठेवलं.

"म्हंजी घाण आमची," ती म्हणाली. "आसं म्हण की सरळ. काकूच्या मोरीचं पाणी पिऊन तुझ्या बहिणीचं..." ती थांबली. "येवढं शिकून हेच शिकलीस व्हय?"

मी ओट्याच्या फरशीकडं बघत होते.

"आमची बी होती," माय म्हणाली.

"काय?"

"घाण. आमच्या हौदात म्हशी तोंड घालत्यात. ते तुमच्याकडं आलंय, बाई. किती वर्षं आलंय कुणाला ठावं. तुमच्या लेकाला झाली ती आमच्या पाण्यानं झाली आसंल. न्हाईतर थोरलीला झाली ती तुमच्या पाण्यानं. मला न्हाई बघायचं कुणाच्या."

माय एवढं एका दमात कधी बोलत नाही. बोलून झाल्यावर तिनं परत सूप ओढलं आणि खडे वेचायला लागली. काकू तिच्या हाताकडं बघत राहिली. मीही. तूर बरीच साफ झाली होती, वेचायला खडे उरले नव्हते, तरी तिची बोटं फिरत होती.

मग काकू म्हणाली, "म्या म्हणायची ना, तुमची मोटर आमचं पाणी ओढती."

"खरंच ओढत हुती," माय म्हणाली.

"तू म्हणायचीस पोटातलं ओढती."

यावर कुणी हसलं नाही. काकूनं वॉल उचलला, बघितला. मला म्हणाली, "ह्याच्यानं पाणी कमी तर न्हाई ना यायचं?"

"थोडं कमी होईल, काकू."

"खरं सांगतीस बरं." मग ती मायकडं वळली. "बसवा. पर तुझ्या नवऱ्याला सांग, खड्डा आमच्या खड्ड्यासारखाच ठिवायचा, उकिरडा करून जायचं न्हाई."

अण्णांनी त्याच दिवशी दुपारी बसवला. पाइप कापला, आट्या, म्हणजे पेच पाडून आणलेले तुकडे लावले, गळू नये म्हणून धागा गुंडाळला. मी बाजूला बसले होते. वॉल आडवा धरून ते फिरवायला लागले तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, बाण उलटा झालाय."

"उलटा कसा? घाण बाहेर जायला पायजे ना? मंग बाण बाहेर."

"बाण घराकडं, अण्णा. काकूच्या."

"आगं, म्हंजी घाण घरात?"

"पाणी घरात. बाहेर काहीच जात नाही."

ते वॉल हातात धरून बसले. काकूच्या दाराकडं बघितलं, आमच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "तू बघ बाई. मला दिशा कळंना." मी वॉल फिरवून त्यांच्या हातात दिला. बाण काकूच्या दाराकडं झाला. त्यांनी पाना लावून आवळला. माझ्या मनात आलं की तरीही फुंकून बघावं, पण आता ते शक्य नव्हतं.

बाकीच्या गावाचं काय, हे मला माहीत नाही. मोठ्या पाइपावर किती घरांच्या नळ्या किती हौदांत बुडलेल्या आहेत, ते बघणं मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी जे होतं तेच सांगितलं. आमचं आणि समोरचं पाणी आता एकमेकांत जात नाही. बाकी उकळूनच द्यावं लागेल.

त्या म्हणाल्या, "म्या येऊन बघते."

त्या आक्काला घेऊन आल्या तो दिवस पाण्याचाच निघाला. दोघी जीपमधून उतरल्या तेव्हा आक्काचं पोट मागच्या खेपेसारखंच दिसलं. मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेले, पण सासूबाईंनी ती आपल्याच हातात ठेवली. त्या आत बसल्या नाहीत. पिशवीसकट सरळ हौदावर आल्या. नळीतून पाणी वरून हौदात पडत होतं, धो धो आवाज होत होता. त्यांनी वाकून नळी आणि पाणी यांच्यामधली रिकामी जागा बघितली.

"येवढंच?" त्यांनी मला विचारलं.

"इकडं एवढंच. वॉल तिकडं आहे."

मी त्यांना काकूच्या अंगणात कसं न्यावं हा विचार करत होते, तेवढ्यात काकू स्वतःच बाहेर आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं नळाच्या खड्ड्यावरची फरशी पायानं सरकवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"या, बघा. हा बाण. आमची घाण आता आमच्याजवळच ऱ्हाती. तुमच्या सुनंला कायबी मिळायचं न्हाई त्यातलं."

सासूबाई खड्ड्यात बघत राहिल्या. "धुता का हे?"

"ही पोरगी खोलायला लावती ना. पाणी आलं की येती डोकवायला, जसं काय तिनं अंडं घातलंय हितं."

सासूबाईंच्या तोंडावर थोडं हसू आलं आणि गेलं. मग चहा झाला. आक्का हौदाजवळच्या दगडावर बसली होती. तिनं मायकडं बघून एवढंच म्हटलं, "लई आवाज करतंय गं."

"करू दे," माय म्हणाली.

संध्याकाळच्या आत सासूबाई परत निघाल्या. जीप लागली होती. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि आक्काची पिशवी उचलून आमच्या उंबऱ्याच्या आत ठेवली. "आठवड्याला फोन करते," म्हणाल्या आणि गेल्या. माय पिशवीकडं बघत उभी राहिली. मग ती उचलून आतल्या खोलीत नेली. मला आनंद झाला का, असं मी स्वतःला विचारलं. काय झालं ते मला सांगता येत नाही.

नळाचं पाणी बारीक झालं. अण्णांनी आमची मोटर बंद केली. काकूची चालू होती. मी हौदाजवळ गेले आणि बांधलेल्या नळीच्या टोकावर तळहात धरला. ओढा होता. नळी हवा ओढत होती, फुस् फुस् करत. खाली हौदातलं पाणी जिथं होतं तिथंच होतं. भिंतीवर ओली रेघ नव्हती.

समोर काकूची मोटर कर्कश झाली आणि काकू ओरडली, "आगं, हवा धरली मोटरीनं! तुमच्याकडनं येती, तोटी उघडीच हाय की गं!"

मी उठायच्या आत आक्का दगडावरून उठली. एक हात कमरेवर ठेवून सावकाश आमच्या नळाच्या खड्ड्याशी गेली, भिंतीला धरून वाकली आणि तोटी बंद केली. काकूच्या मोटरीचा आवाज परत नीट झाला. आक्का तशीच थोडा वेळ वाकून उभी राहिली, तोटीवर हात ठेवून.

"झाली का?" काकूनं विचारलं.

"झाली, काकू," आक्का म्हणाली.